धर्माच्या अभ्यासात एमए : विद्यापीठाआधी ग्रंथ ठरवा

तुमचं इतिहासात बीए झालंय, आता धर्म या विषयात पुढे शिकायचंय. थिऑलॉजी घ्यावी की रिलिजियस स्टडीज, त्यासाठी श्रद्धाळू असावं लागतं का आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

थिऑलॉजी म्हणजे परंपरेच्या आत राहून केलेला अभ्यास. आपल्याकडे ही पदवी मुख्यतः ख्रिस्ती संस्था देतात. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली आणि आजही देशातल्या कितीतरी सेमिनरी (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था) तिथल्या सिनेटशी जोडलेल्या आहेत. पण तिथल्या एमटीएचसाठी (मास्टर ऑफ थिऑलॉजी) साधारणपणे आधी बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) लागते. नुसत्या इतिहासाच्या बीएवर ते दार उघडणार नाही.

रिलिजियस स्टडीज म्हणजे परंपरेबाहेर उभं राहून केलेला धर्माचा अभ्यास. त्याचे विभाग भारतात फार थोडे आहेत. पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ आणि शांतिनिकेतनचं विश्वभारती ही त्यातली ठळक नावं. महाराष्ट्रात राहूनच शिकायचं असेल तर मुंबई आणि पुणे विद्यापीठांतले पाली विभाग जरूर पाहा. बौद्ध धर्माच्या मूळ ग्रंथांपर्यंत जायला त्यासारखी वाट नाही.

पण माझ्या मते प्रवेशाचा विचार नंतरचा. आधी कोणता ग्रंथ मूळ भाषेत वाचायचा ते ठरवा. एमएची दोन वर्षं बघता बघता संपतात आणि भाषा येत नसेल तर ती दुसऱ्यांच्या भाषांतरांवर टिपणं काढण्यात जातात. जुनी मराठी आपल्याला त्यातल्या त्यात जवळची, म्हणून उदाहरण लीळाचरित्राचं घेते.

म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, म्हणजेच लीळा, माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या. ही तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. पंथात असं सांगतात की मूळ प्रत पुढे धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ सापडतात. आता एखादी चार ओळींची लीळा समोर घ्या. स्वामी कुठे बसले होते, प्रश्न कुणी विचारला, उत्तर काय मिळालं, एवढंच त्यात असतं. महानुभाव अभ्यासक त्यात परमेश्वरवचन शोधतो आणि ते आपल्या आचाराला लावून पाहतो. धर्माचा अभ्यासक विचारतो की ही आठवण कुणाची, दुसऱ्या पाठात प्रश्न विचारणारी व्यक्ती का बदलली, आणि पंथाने हे ग्रंथ सांकेतिक लिपीत का जपले. त्यातली सकळ लिपी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी उलगडली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर हे वाङ्मय बाहेरच्यांना जवळपास बंदच होतं. हे दोन्ही प्रकारचे प्रश्न खरे आहेत आणि ज्याला पहिला कळत नाही त्याचा दुसराही उथळच राहतो, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून श्रद्धेबद्दल एवढंच सांगते : ती असण्याची अट नाही, पण श्रद्धावानाशेजारी तासन् तास बसायची तयारी हवी. लोकधर्माचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर जर्मनीतून आले, मराठी शिकले आणि धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या ऐकल्या. खंडोबावरचं त्यांचं काम आजही वाचावं लागतं ते त्यामुळेच.

नोकऱ्या कमी आहेत, हे घरी आधीच स्पष्ट सांगा. यूजीसी-नेटमध्ये (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेत) धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासाचा पेपर आहे, पालीचाही आहे. पण शिकवण्याच्या जागा मोजक्याच, त्यामुळे हस्तलिखितांची सूची करणं, संपादन, भाषांतर यांतलं एखादं काम शिकत असतानाच हाताशी घ्या. परदेशी जायचं तर ब्रिटनमधलं एमए बहुधा एका वर्षाचं असतं. तिथे पोचून नवी भाषा शिकायला वेळ मिळत नाही, ती इथूनच घेऊन जा.

या वर्षी फॉर्म भरायची घाई करू नका. मोडी किंवा जुन्या मराठीचा एखादा वर्ग धरा, एक ग्रंथ शिक्षकाजवळ बसून निम्मा तरी वाचा आणि त्यातून निघालेला प्रश्न घेऊन पुढच्या वर्षी अर्ज करा. ग्रंथ ठरला की इथे सांगा, कोणती संपादित प्रत घ्यावी ते मी सुचवीन.