घरात आहे ते संपवून स्वस्तात कसं जेवावं? चिकन-मटण कमी केलं तर अंगात ताकद राहील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात दोघं भाड्यानं राहता, एकाचा पगार थांबलाय, आठवड्यातून तीनदा चिकन नाहीतर मटण लागतं, २० तारखेला पैसे संपतात आणि तरी दर रविवारी फ्रिजमधून पिशवीभर अन्न कचऱ्यात जातं. आत्ता घरात अर्धा कोबी, कालचा भात, चार शिळ्या पोळ्या आणि डबाभर अख्खे मसूर आहेत. मांस कमी केलं तर अशक्तपणा येईल ही धास्तीही आहे.

आम्हीही पुण्यातच, धनकवडीत राहतो, चौघं. २०२० च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या कंपनीनं पगार अर्ध्यावर आणला आणि सात महिने तो तसाच राहिला. त्या सात महिन्यांत जे शिकले तेच सांगते.

तेव्हा मीही आधी स्वस्त भाजी शोधत फिरले. त्यात फार काही हाती लागलं नाही. मग दोन आठवडे एका जुन्या वहीत फक्त टाकलेलं अन्न लिहून काढलं. भात तीनदा, पोळ्या पाचदा, काळी पडलेली कोथिंबीर दोन जुड्या, आंबून गेलेलं दही, डाळिंबी उसळ अर्धं पातेलं. वही बघून मला रडूच आलं. पैसे बाजारात जात नव्हते, ओट्यावरून जात होते. त्या दिवसापासून सकाळचा प्रश्न बदलला. ‘आज काय करू?’ हे बंद केलं आणि ‘आज काय संपवायचंय?’ हे विचारायला लागले. फ्रिजचा मधला कप्पा त्यासाठीच मोकळा केला. उरलेलं सगळं तिथं, डोळ्यांसमोर, काचेच्या नाहीतर झाकण पारदर्शक असलेल्या डब्यात. स्टीलच्या डब्यात ठेवलेलं विसरलं जातं, हे मी शंभरदा पाहिलंय.

दुसरं म्हणजे मोजून करणं. संध्याकाळी सातला प्रत्येकाला विचारायचं, किती पोळ्या? तेवढीच कणीक. आधी घरातल्यांना हे कंजूषपणाचं वाटलं, महिन्याभरात सवय झाली.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या घरात, माझ्या माहेरीही, शिळं अन्न संपवायचं म्हणजे आईनं संपवायचं. सगळ्यांना ताजी भाकरी वाढायची आणि आपण मागे बसून कालची चतकोर, कालची आमटी खायची. माझ्या आईनं १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ मुलांसाठी पदरात बांधून आणला. अन्न टाकणं तिला पाप वाटायचं आणि ते पाप टाळण्याचा सगळा भार ती एकटी आपल्या पोटावर घ्यायची. कृपा करून तुमच्या घरात असं होऊ देऊ नका. उरलेलं अन्न दोघांच्या ताटात यायला हवं, आणि नवा पदार्थ म्हणून यायला हवं. एकाच्या वाट्याला सतत शिळं आलं तर ही काटकसर पंधरा दिवसांत मोडते. आणि मोडली नाही, तर ते आणखी वाईट.

म्हणून फोडणीची पोळी नीट करायला शिका. बहुतेक जण पोळ्या मिक्सरमधून फिरवतात, मग तिचा भुगा होतो आणि घशाखाली उतरत नाही. हातानं कुस्करायची, नखाएवढे तुकडे राहतील इतपत. तेल थोडं सढळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, मग दोन मोठे कांदे. पोळ्या चार असतील तर कांदे दोन हवेतच, ओलावा कांद्याचाच येतो. हळद-तिखट घालून पोळी टाकली की ताकाचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ काढायची. पाण्याचा हबका मारला तर नुसती मऊ होते, ताकानं चव येते. झाकण काढून दोन मिनिटं तशीच ठेवली की तळाला खरपूस पापुद्रा धरतो. माझी मुलं त्या पापुद्र्यावरून भांडतात.

शिळी भाकरी असेल तर ताकात कुस्करून वर लसणाची फोडणी. उरलेल्या वरणात कणकेचे तुकडे सोडले की वरणफळं, म्हणजे आमच्याकडच्या चकोल्या, आणि वर तूप असेल तर दुसरं काही लागत नाही. उरलेली कोरडी भाजी भाजणीत नाहीतर ज्वारी-बेसनाच्या पिठात मळून थालीपीठ. दोडक्याच्या शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ-खोबऱ्याबरोबर चटणी. मुळ्याचा पाला पीठ पेरून. फ्लॉवरचे जाड दांडे साल काढून रश्श्यात. कोथिंबिरीच्या काड्या तर टाकूच नका, वाटणाला पानांपेक्षा काड्यांचीच चव जास्त येते. आंबट दह्याची कढी. हे सगळं आपल्या आज्यांना माहीत होतं, मधल्या काळात आपण विसरलो.

पण संपवायचं म्हणून काहीही पोटात ढकलायचं नाही. भाताबाबत मी फार कडक आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात परातीत पसरून लवकर निववायचा, तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच संपवायचा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची फोडणी करायची नाही, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. तसंच बुरशी आलेले शेंगदाणे. ते निवडून, धुऊन, भाजून वापरणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातल्या काही बुरशींचं विष यकृताला घातक असतं आणि भाजून पुरतं जात नाही. असे दाणे सरळ टाका. बुरशी आलेल्या पोळी-पावाचंही तेच, तेवढाच तुकडा काढून बाकीचं खायचं नाही.

आता मटणाकडे येते. आम्ही मराठ्यांचं घर, रविवारी मटण नाही म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. त्यामुळे मी बंद करा म्हणणार नाही, आमच्याकडेही बंद नाही. पण एक लक्षात घ्या. जी चव आपण मटणाची म्हणतो, त्यातली निम्मी वाटणाची असते. कांदा सालासकट थेट आचेवर धरायचा, वरचं साल काळं होऊन आतून रस सुटेपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटी जाळीवर, कडा तांबूस होईपर्यंत. लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या. हे सगळं बारीक वाटून तेलात तेल सुटेपर्यंत परतलं आणि वर घरचा काळा मसाला टाकला, की त्या पातेल्यात अख्खे मसूर सोडा, काळे वाटाणे सोडा नाहीतर अंडी फोडून सोडा, वास तोच येतो आणि तर्री तशीच चढते. पहिल्यांदा काळ्या वाटाण्याचा असा रस्सा केला त्या रविवारी जेवायला आलेल्या सासऱ्यांनी काही न बोलता तिसरी भाकरी मागितली. मला तेवढं पुरलं.

तेव्हा वाटणात काटकसर करू नका, मांसात करा.  किलोभर मटणाच्या पैशात कितीतरी किलो कडधान्य येतं. आम्ही एका वेळेला चौघांत किलोभर मटण खायचो. आता महिन्यातून दोनदा अर्धा किलो आणतो, त्यात बटाटे असतात, आणि आधी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, काढून ती वाटी-वाटी सगळ्यांना देते. खिमा पाव किलो आणते आणि त्यात वाटीभर शिजवलेले अख्खे मसूर मिसळते. रंग आणि पोत इतका जुळतो की चौघांची दोन वेळची सोय होते. चिकन बोनलेस घेऊ नका, हाडासकट घ्या. पाठ-मान वेगळी काढून त्याचा रस्सा होतो, मांसल तुकडे दुसऱ्या दिवशी सुके होतात. सुकट, जवळा घरात चालत असेल तर मूठभर जवळा आणि दोन कांदे एवढ्यात झकास कोरड्यास होतं.

सुरुवात जड वाटत असेल तर आपल्याकडच्या वारांचा आधार घ्या. कुणी सोमवार पाळतं, कुणी गुरुवार, कुणी शनिवार, आणि श्रावणात तर अख्खा महिना निम्मं पुणं खात नाही. श्रावणात कुणी अशक्त होऊन पडत नाही. जे महिनाभर जमतं ते आठवड्यातले पाच दिवस जमेल.

रविवार मात्र साजरा झाला पाहिजे. मटण नसलेल्या रविवारी मी मिसळ करते. शुक्रवारी सकाळी दोन वाट्या मटकी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधून ठेवायची, शनिवारी रात्रीपर्यंत नखभर मोड येतात आणि दोन वाट्यांचं पातेलंभर होतं. फरसाण थोडंच लागतं. सॅम्पल, म्हणजे मिसळीवरचा रस्सा, मात्र मागतील तेवढं द्या, त्यात तेच वाटण आहे.

ताकदीचं विचारलंत. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच कच्च्या चिकनमध्ये २० च्या आसपास. पण फसू नका: एका जेवणात आपण ४०-५० ग्रॅमच मसूर खातो, म्हणजे १०-१२ ग्रॅम प्रथिनं. म्हणून ती वाटी दोन्ही जेवणांत हवी, नुसत्या रविवारी नको. एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० च्या वर. कडधान्याबरोबर भाकरी किंवा भात असला की एकातलं उणं दुसऱ्यात भरून निघतं, वरण-भात हे काही उगाच जुळलेलं नाही. उसळीवर लिंबू पिळा, त्यानं कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, चहा ते लोह अडवतो. बी-१२ मात्र डाळी-भाजीतून मिळत नाही, त्यासाठी दूध, दही, अंडी यांतलं काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. खरंच थकवा वाटला तर अंदाज न बांधता रक्त तपासून घ्या.

बाजाराचं थोडक्यात. किराणा भरायच्या आदल्या दिवशी डबे उघडून बघा आणि जे आहे ते यादीतून खोडा. भाजी मंडईत उशिरा, दुकानं आवरत असताना घेतली की वाट्यावर स्वस्त मिळते, पण दोघांना पुरेल तेवढाच वाटा उचला. स्वस्त म्हणून तीन वाटे आणले की वही पुन्हा भरायला लागते.

आता तुमचं आजचं. भात काल रात्री वेळेत फ्रिजमध्ये गेला असेल तर आज दुपारी कांदा घालून फोडणीचा भात करा. बाहेर राहिला असेल तर टाका, हळहळू नका. आत्ता लगेच एक वाटी मसूर भिजत घाला, तासाभरात पुरे होतात. संध्याकाळी दोन कांदे आचेवर भाजा, थोडं सुकं खोबरं, आठ-दहा पाकळ्या लसूण, आणि वर सांगितलं तसं वाटण करून मसुराचा रस्सा, बरोबर भाकरी. कोबी बारीक चिरून अर्धा आज रात्री पीठ पेरून परता, उरलेला उद्या थालीपिठात. चार पोळ्यांची उद्या सकाळी न्याहारी, ताकाचा हबका विसरू नका. रस्सा थोडा उरवा. उद्या रात्री तो उकळून त्यात चार अंडी फोडून सोडा आणि झाकण ठेवा. ढवळायचं नाही, अंडी आपोआप बांधून येतात.