रूट कॅनालला हो म्हणण्याआधी नस तपासून घ्या

ताई, क्लिपा बसवण्यासाठी काढलेल्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) लेकीच्या खालच्या जबड्यात काळा डाग दिसला, दुखत काहीच नाही, तरी डॉक्टर तीन दातांचं रूट कॅनाल सांगतात, हे वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाचं अगदी हेच झालं होतं. तेव्हा तो 14 वर्षांचा होता.

मी डॉक्टर नाही. तुमच्या लेकीचा डाग वेगळाही असू शकेल, तेवढं धरून वाचा.

आम्ही प्रथम गेलो त्या क्लिनिकात ‘मुळाशी इन्फेक्शन’ म्हणून दोन दाढांचं रूट कॅनाल करून टाकलं. कीड नाही, ठणका नाही, मग नस मेली कशी, हे मी विचारलंच नाही. दाताला थंड लावून नस जिवंत आहे का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. तेही कुणी केलं नाही. डाग होता तसाच राहिला. पुढे गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालयात गेलो, तर पहिला प्रश्न, “रूट कॅनालआधी दात जिवंत होते का?” कागदावर नोंद नाही, आणि नस काढलेल्या दाताची आता काय तपासणी करणार! चांगल्या दाढा पोखरल्या त्या पोखरल्याच, वर निदानाचा पुरावाही गेला. अजून आठवलं की जीव जळतो.

दात जिवंत आणि डागाची कड मुळांच्या मधून नागमोडी वर चढलेली, असं असलं की बहुधा साधी बोन सिस्ट, म्हणजे हाडातली पोकळी, असते. तिला आतून अस्तर नसतं, म्हणून ती खरी सिस्टसुद्धा नव्हे. पण ओपीजीत केराटोसिस्ट किंवा अमेलोब्लास्टोमा या जबड्यातल्या गाठीही अशाच दिसू शकतात. त्या पुन्हा उलटतात, त्यांचे उपचारही वेगळे. म्हणून सीबीसीटी (जबड्याचा थ्री-डी) स्कॅन करा आणि जबड्याच्या सर्जनलाच दाखवा, माझं तरी ठाम मत हेच. ऑपरेशनमध्ये हाड उघडण्याआधी सुई घालून पाहतात. जोराने रक्त आलं तर अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्टसारखं (रक्ताने भरलेल्या पोकळीसारखं) काही असू शकतं, मग तयारी वेगळी लागते.

मुलाच्या जबड्यात पोकळी आणि जरासं पिवळसर पाणी निघालं. भिंती खरवडल्या, आत रक्त साकळू दिलं, टाके घातले. त्या गुठळीतूनच पुढे हाड धरतं. खरवडलेलं सगळं बायॉप्सीला पाठवा, यावर मी अडून बसले होते. सहा महिन्यांनी हाड भरताना दिसलं, वर्षाने डाग जवळजवळ गेला. तरी एक्स-रे चालू ठेवा, क्वचित परत येतो. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस पेज निववून द्या.

आणि आत्ताची ओपीजी मूळ फाईलसकट आजच मागून घ्या. आमची मिळवायला त्या क्लिनिकात चार फेऱ्या मारल्या, शेवटी ‘डिलीट झाली’ म्हणाले.