नेमा २३ मोटरसाठी सीएनसी शील्ड आणि ए४९८८ पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापायला घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कापणारं मशीन) बांधताय. २.८ अँपिअरच्या तीन नेमा २३ मोटर (पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटर) आणि १६०५ बॉल स्क्रू (फिरले की अक्ष सरकवणारे) आणून झालेत, अर्डिनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड आणि मोटरला करंट पुरवणारे ए४९८८ ड्रायव्हर घरात आहेत, आणि एवढ्यात भागेल का असा प्रश्न आहे. उनो ठेवा. ए४९८८ या मशीनला लावू नका.

ए४९८८ च्या चिपवर कमाल २ अँपिअर असं लिहिलेलं असतं, पण हीटसिंक आणि पंखा नसेल तर ती १ अँपिअरच्या आसपासच तापून बंद पडायला लागते. स्टेपर मोटरचा जोर साधारण करंटच्या प्रमाणात असतो. म्हणजे २.८ अँपिअरची मोटर विकत घेऊन तुम्ही तिच्या एक तृतीयांश ताकदीवर काम करणार. टीएमसी२२०९ सुंदर ड्रायव्हर आहे, नेमा १७ वर मोटरचा आवाजही येत नाही, पण तोही २ अँपिअर आणि २८-२९ व्होल्टला संपतो.

आता व्होल्टेज. इथे बहुतेक जण अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या मोटरचा रेझिस्टन्स ०.९ ओहमच्या आसपास असेल, म्हणजे हिशेबाने तिला अडीच व्होल्ट पुरतात. मग ३६ व्होल्ट दिले तर जळणार नाही का? नाही. ड्रायव्हर करंट मोजत असतो आणि ठरवलेला आकडा आला की पुरवठा तोडतो. जास्त व्होल्टेज लागतं ते करंट लवकर चढावा म्हणून. कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) २.५ मिलिहेन्री धरा. २.८ अँपिअरपर्यंत चढायला ३६ व्होल्टवर साधारण ०.२ मिलिसेकंद लागतात, १२ व्होल्टवर ०.६. तुमचा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकवतो. मिनिटाला ३००० मिमी वेग हवा असेल तर मोटर ६०० आरपीएमने फिरली पाहिजे, आणि २०० पावलांच्या मोटरला एका पावलासाठी फक्त ०.५ मिलिसेकंद मिळतो. १२ व्होल्टवर करंट पूर्ण चढायच्या आतच पुढचं पाऊल येतं. मोटर किंचाळते, जागेवर थरथरते आणि पावलं गाळते. हॉबीवाल्यांच्या ‘मोटर कमजोर निघाली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा मोटर नसतेच, बारा व्होल्टचा सप्लाय असतो.

कमाल व्होल्टेजसाठी एक जुना ठोकताळा आहे: मिलिहेन्रीचं वर्गमूळ गुणिले ३२. तुमच्या मोटरला तो ५० व्होल्टच्या आसपास येतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, तिन्ही मोटरना आरामात पुरेल.

ड्रायव्हर डीएम५४२ घ्या, प्रत्येक मोटरला एक. २० ते ५० व्होल्ट आणि ४.२ अँपिअर पीकपर्यंत चालतो. टीबी६६०० स्वस्त पडतो आणि लाकडाला चालूनही जातो, पण त्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांत आत दुसरीच चिप असते आणि मर्यादा ४२ व्होल्टची. मोटर झटक्यात थांबते तेव्हा ती जनरेटरसारखी वागते आणि सप्लायचं व्होल्टेज वर ढकलते. ३६ वर चालवताना ४२ ची मर्यादा मला फार जवळची वाटते. डीएम५४२ च्या अंगावर करंटचा तक्ता छापलेला असतो, त्यात दोन रकाने असतात, पीक (कमाल) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी). पीकच्या रकान्यातल्या २.८४ पासून सुरुवात करा. अर्ध्या तासाने मोटर हाताला कोमट लागली तर पुढच्या खाचेवर जा.

कंट्रोलर म्हणून उनोवर चालणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, पण मायक्रोस्टेपिंगचा (एका पावलाचे आणखी बारीक भाग करण्याचा) मोह आवरा. जीआरबीएल उनोवर सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स (पाऊल टाकायला सांगणारे सिग्नल) देऊ शकतं. ८ मायक्रोस्टेपवर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ३२० (जीआरबीएलच्या ‘$१००’ नावाच्या सेटिंगमध्ये हाच आकडा टाकायचा). ३००० मिमीच्या वेगाला १६,००० पल्स लागतात, जागा भरपूर उरते. तेच ३२ वर नेलंत तर मिलिमीटरला १२८० पल्स, आणि मशीन मिनिटाला १४०० मिमीलाच अडकते. अचूकता मात्र चौपट होत नाही, कारण दोन मायक्रोस्टेपमधला जोर फार थोडा असतो. ८ वर ठेवा.

पुढे चौथा अक्ष किंवा वायफाय हवं झालं तर ईएसपी३२ या बोर्डावर चालणारं फ्लुइडएनसी हे सॉफ्टवेअर बघा. तो बोर्ड ३.३ व्होल्टचा आणि डीएम५४२ चे ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारे भाग) ५ व्होल्टच्या हिशेबाने बनवलेले, त्यामुळे मध्ये ७४एचसीटी२४५ सारखा बफर (सिग्नल ५ व्होल्टला नेणारी चिप) लावावा लागतो. तो नसेल तर मशीन चालते, मग मध्येच एखादं पाऊल खाते, आणि कारण शोधण्यात आठवडे जातात. यूएसबीचं पॅरलल पोर्टात रूपांतर करणारी वायर मात्र कोणी सुचवली तरी घेऊ नका. प्रिंटरसाठीची ती वस्तू, तिच्यातून वेळेवर पल्स निघत नाहीत.

शील्डची गरज उरत नाही. उनोच्या २, ३, ४ या पिन पल्सच्या आणि ५, ६, ७ दिशेच्या. त्या ड्रायव्हरच्या प्लस टोकांना जोडा, मायनस टोकं सगळी उनोच्या ग्राउंडला. एनेबल (ड्रायव्हर चालू-बंद करण्याचं टोक) मोकळं सोडलं तरी ड्रायव्हर चालूच असतो. ऑप्टोमुळे ३६ व्होल्टची बाजू आणि उनोची बाजू वेगळी राहते, आणि ए४९८८ सोडून इकडे यायचं हे दुसरं मोठं कारण आहे. दोन्ही ग्राउंड एकमेकांना जोडून ती सोय घालवू नका.

माझ्या पहिल्या मशीनवर झेड अक्षाच्या कनेक्टरचा एक स्क्रू ढिला राहिला होता. कापत असताना वायर सुटली, टिक् असा आवाज आला, आणि ए४९८८ च्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडलेला दिसला. चालू ड्रायव्हरपासून मोटरची वायर सुटली की कॉइलमधली ऊर्जा ड्रायव्हरवरच येऊन आदळते. तेव्हापासून मी वायरच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी) दाबतो, आणि सप्लाय बंद करून ड्रायव्हरवरचा दिवा विझेपर्यंत मोटरच्या वायरला हात लावत नाही.

लिमिट स्विचवर (अक्ष टोकाला पोहोचल्याचं सांगणाऱ्या स्विचवर) पैसे वाचवू नका. स्पिंडल (कापणारी मोटर) सुरू होताच अलार्म १ (लिमिट स्विच लागल्याचा इशारा) येऊन मशीन थांबायची, यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. स्विचच्या वायरी मोटरच्या वायरींना बांधून एकाच पट्ट्यात नेल्या होत्या, तेवढंच कारण. आता स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबलेला नसताना जोडलेला), २४ व्होल्टवर, ऑप्टोच्या छोट्या बोर्डातून उनोकडे जातात, आणि शील्डेड केबलची जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ केलेली आहे. अलार्म पुन्हा आलेला नाही. एसएमपीएस आणि मशीनच्या सांगाड्याला खरी अर्थिंग द्या, घरचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सामान हातात घेऊन बघता येतं. तीन ड्रायव्हर एकदम जोडू नका. एक मोटर टेबलावर ठेवा. चार वायरींपैकी कोणत्याही दोन एकमेकींना टेकवून शाफ्ट हाताने फिरवा, जड लागला की ती एका कॉइलची जोडी. मग एकच ड्रायव्हर जोडून वेग हळूहळू वाढवत न्या, आणि मोटर कोणत्या आकड्याला अडखळते ते लिहून ठेवा. मशीनवर चढवल्यावर डायल गेज (बारीक सरकणं मोजणारं काट्याचं यंत्र) लावून अक्ष शंभर वेळा पुढे-मागे पळवा. काटा शून्यावर परत येत नसेल तर आधी कपलिंगचे स्क्रू बघा, मग दिशेचा सिग्नल. डीएम५४२ ला तो पल्सच्या ५ मायक्रोसेकंद आधी लागतो.