बेसबॉलमधल्या हँक एरनची कारकीर्द एवढी मोठी का मानतात? फक्त ७५५ होम रनमुळेच (म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्यामुळेच) का?

नाही, फक्त त्यामुळे नाही. ते ७५५ होम रन बाजूला काढले तरी त्याचे ३,००० च्या वर हिट, म्हणजे चेंडू टोलवून बेसवर (धावण्याच्या टप्प्यावर) सुरक्षित पोहोचणं, उरतात (एकूण ३,७७१). माझ्या मते त्याचं मोठेपण यातच आहे.

गंमत म्हणजे एका मोसमात त्याने कधीच ५० होम रन मारले नाहीत. सर्वाधिक ४७, तेही १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. पण वर्षानुवर्षं तो मारतच राहिला. १९५७ मध्ये त्याच्या मिल्वॉकी ब्रेव्हज संघाला वर्ल्ड सिरीज (मोसमाचं अजिंक्यपद) मिळाली, त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा (अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. उजव्या बाजूच्या आउटफिल्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी तीन गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही आहेत.

८ एप्रिल १९७४ चा व्हिडिओ जरूर बघा. अटलांटात अल डाउनिंगच्या चेंडूवर त्याने ७१५ वा होम रन मारला आणि बेब रूथचा विक्रम मोडला. तो बेसवरून धावत असताना दोन तरुण प्रेक्षक मैदानात घुसून त्याची पाठ थोपटतात. बघताना छातीत धस्स होतं, कारण एका कृष्णवर्णीयाने रूथसारख्या गोऱ्या खेळाडूला मागे टाकू नये म्हणून त्याला कित्येक महिने जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. तो मात्र शांतपणे फेरी पूर्ण करतो. फेरी जिथे संपते त्या होम प्लेटजवळच्या गर्दीत आई त्याला घट्ट मिठी मारते.

होम रनचा विक्रम २००७ मध्ये बॅरी बाँड्सने मोडला. २,२९७ आरबीआयचा (आपल्या फटक्यांनी संघाला मिळवून दिलेल्या धावांचा) विक्रम मात्र अजून कुणालाही मोडता आलेला नाही.