पित्ताशय काढलं, मग हे पित्त कुठून गळतंय?

प्रश्न : यजमानांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. चौथ्या दिवशी पोट फुगलं, उजवा खांदा दुखू लागला, जेवण जाईना. सोनोग्राफीत यकृताखाली पाणी साचलेलं दिसलं. तिथे नळी घातल्यापासून रोज साधारण ३०० मिली हिरवट पित्त येतंय. डॉक्टर ई.आर.सी.पी. (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार) करायचं म्हणतात. पिशवीच काढली तर पित्त आलं कुठून? पुन्हा पोट उघडावं लागेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपण 'पित्त झालंय' म्हणतो ते आंबट ढेकरांचं, म्हणजे जठरातलं आम्ल. इथलं पित्त यकृत तयार करतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. ती काढली तरी यकृताचं काम चालूच राहतं आणि पित्त मुख्य नलिकेतून आतड्यात उतरत राहतं.

पिशवीला मुख्य नलिकेशी जोडणारी बारीक नळी ऑपरेशनमध्ये क्लिप लावून बंद करतात. नळी सुजलेली असेल तर क्लिप नीट बसत नाही, पुढे सरकते आणि पित्त झिरपू लागतं. दुसरी नेहमीची जागा म्हणजे पिशवी यकृताला चिकटलेली असते तिथल्या केसाएवढ्या, लुश्काच्या नलिका. या दोन्ही गळतींत मुख्य नलिका शाबूत असते. बहुतेक रुग्णांत गळती याच प्रकारची निघते आणि पोट न उघडता बरी होते.

मुख्य नलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी स्नायूची कडी असते. ती एरवी आवळलेली. तिच्यातून उतरण्यापेक्षा पित्ताला वरच्या भोकातून बाहेर पडणं सोपं जातं. नलिकेत एखादा खडा राहिला असेल तर दाब आणखी वाढतो. ई.आर.सी.पी.त दुर्बीण तोंडावाटे त्या कडीपर्यंत नेतात, नलिकेत औषध सोडून एक्स-रेवर गळतीची जागा पाहतात, गरजेप्रमाणे कडीला छोटी चीर देतात, खडा असेल तर काढतात आणि ७ ते १० फ्रेंच जाडीचा प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, ठेवतात. १० फ्रेंच म्हणजे सुमारे ३.३ मिलिमीटर. स्टेंट भोक बुजवतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तो दाब उतरवतो. पित्ताला खालची वाट मोकळी मिळाली की भोक आपलं आपण भरून येतं.

त्यानंतर नळीतलं पित्त दिवसागणिक कमी व्हायला हवं. आठवडाभरानंतरही तेवढंच येत असेल तर स्टेंट सरकला का, तुंबला का, हे पाहावंच लागतं. एक शक्यता मात्र हातून निसटते : उजव्या बाजूची एखादी नलिका मुळापासून कापली गेली असेल तर ई.आर.सी.पी.चं चित्र वरवर चांगलं दिसतं, कारण औषध त्या तुटलेल्या नलिकेत जातच नाही. अशा वेळी एम.आर.सी.पी., म्हणजे पित्तनलिकांचा एम.आर.आय., उपयोगी पडते. मुख्य नलिकाच तुटली असेल तर गोष्ट वेगळी; मग आतडं नलिकेला जोडण्याचं मोठं ऑपरेशन लागतं. ते यकृत-पित्तनलिकेचीच कामं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच व्हावं, असा आमचा आग्रह आहे.

ई.आर.सी.पी.नंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती टाळायला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची १०० मिलिग्रॅमची गोळी गुदद्वारातून देतात. त्या संध्याकाळी पोटातली कळ पाठीत जाऊ लागली तर लगेच सांगा.

प्रश्न : खांदा गॅसमुळे दुखतो असं सांगतात. मग गळतीची शंका कधी घ्यावी?

उत्तर : दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो आणि रोज थोडा कमी होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतंय, नाडी जलद चालतेय, भूक मेलीय, ताप आहे, तर तो गॅस नव्हे. एल.एफ.टी. (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नका, गळतीत ती बऱ्याचदा नॉर्मलच असते. सोनोग्राफी पाणी दाखवते, पण ते रक्त, पू की पित्त हे सांगत नाही. त्यासाठी त्या पाण्यातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, मोजतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ते रक्तातल्या बिलिरुबिनच्या तिप्पट किंवा जास्त भरलं, तर गळती. उदाहरणार्थ, रक्तात १ आणि पाण्यात १४. गळती अजून चालू आहे का, हे हायडा स्कॅनमध्ये (किरणोत्सारी औषध टोचून पित्ताची वाट दाखवणारी तपासणी) कळतं.

प्रश्न : नळी घेऊन घरी आलोय. काय सांभाळू?

उत्तर : नळीला जोडलेली पिशवी कायम कमरेखाली ठेवा. रोज ठरावीक वेळी मापाच्या भांड्यात रिकामी करा. तारीख, मिली, रंग लिहा. काल २५० आणि आज एकदम शून्य, यात आनंद मानू नका. नळी दुमडली, अडकली किंवा सरकली असण्याची शक्यता जास्त. सोबत दुखणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पित्तात रक्ताइतकंच मीठ असतं, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, ओ.आर.एस. घ्या. दिवसाला ५०० मिलीच्या वर जात असेल किंवा चक्कर येत असेल तर रक्तातलं सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासून घ्या.

प्रश्न : स्टेंट किती दिवस ठेवतात? मला काहीच त्रास नाही.

उत्तर : साधारण ४ ते ८ आठवडे. त्रास नाही म्हणूनच तो विसरला जातो. प्लॅस्टिकचा स्टेंट तीन महिन्यांपुढे ठेवू नये. त्यात गाळ बसतो, तो तुंबतो आणि थंडी वाजून ताप, कावीळ सुरू होते. डिस्चार्ज घेतानाच काढायची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.