सामान बांधायच्या आधी सरांना गाठ

प्रश्न : ताई, मी परभणीची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या जर्मनीत श्टुटगार्टला युनिव्हर्सिटीच्या लॅबमधी समर इंटर्नशिप करायलेय, ३१ ऑगस्टला संपती अन् ३ सप्टेंबरचं विमान आहे. डोक्यात नुसता गोंधळ. सरांनी लेटर देतो म्हणलं होतं पण पुन्हा विषयच काढला नाही, मला विचारायला कसंतरी वाटतं. घरमालकिणीकडं डिपॉझिट आहे. बॅग फक्त २३ किलोची अन् घरून रोज नवी यादी येती. वरून पप्पांनी गल्लीत सांगून ठेवलंय की पोरगी तिकडं कंपनीत लागली. आधी काय करू?

उत्तर : पोरी, बॅग शेवटी भर. आधी सरांना गाठ अन् तेही याच आठवड्यात, कारण ऑगस्टमधी तिकडं लोक दोन-दोन तीन-तीन आठवडे सुट्टीवर जातात अन् सुट्टीवर गेलेला जर्मन माणूस ईमेल बघत नाही, ते आपल्यासारखं लग्नाच्या पंगतीतून फोन उचलणं नसतं तिकडं. मी हे अनुभवानं सांगायलेय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पण अशीच तीन महिने एका लॅबमधी होते, मला पण कसंतरी वाटायचं, म्हणलं घरी जाऊन निवांत ईमेल करू. घरी येऊन तीन ईमेल केले, तिन्हीला एकच उत्तर, आपोआप आलेलं, 'मी सुट्टीवर आहे'. तोवर लॅबमधलं माझं लॉगिन बंद झालं होतं, सगळे ग्राफ त्यातच. कॉलेजात रिपोर्ट द्यायचा तर माझ्याकडं होते मोबाईलवर काढलेले चार अंधुक फोटो!

म्हणून सरांची २० मिनिटांची वेळ माग. जाताना अर्ध्या पानावर लिहून ने की मी अमुक मशीन चालवलं, अमुक कोड लिहिला, अमुक टेस्ट घेतल्या. त्यांना वाईट वाटत नाही, उलट सोपं पडतं, कारण तीन महिन्यांत तू रोज काय केलं ते त्यांना तरी कुठं आठवतंय. तिकडं इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटला प्राक्टिकुम्स-त्सॉयग्निस म्हणतात, त्यात तारखा अन् कामाचं वर्णन असतं, ते मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे, तसं द्यायची तिकडं रीतच आहे. शिफारसपत्राचं वेगळं विचार, 'पुढं मास्टर्सला अर्ज केला तर तुम्ही द्याल का' एवढंच. आपल्या कॉलेजचा स्वतःचा फॉर्म असेल तर तो पण आत्ताच पुढं कर अन् शिक्का ऑफिसमधल्या सेक्रेटरीबाईंकडून मारून घे, नाहीतर इथं क्लार्क तुला शिक्क्यावरून चार चकरा मारायला लावणार. डेटा, कोड काय सोबत नेऊ शकते ते तोंडी विचारून वर ईमेलवर पण लिहून घे.

बाकी कागदपत्रं पटपट सांगते. सरकारी ऑफिसात नोंदवलेला पत्ता रद्द करायचा, त्याला आबमेल्डुंग म्हणतात, तो खोली सोडायच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी करता येतो, त्याच्या आधी गेलीस तर परत पाठवतील. त्याचा कागद जपून ठेव, रेडिओ-टीव्हीची फी (महिन्याला १८.३६ युरो, घराला एक) तुझ्या नावावर असेल तर ती बंद करायला लागतो, हेल्थ इन्शुरन्सलाही मागतात. डॉइचलांड-तिकीट (बस-लोकलचा महिन्याचा पास) घेतलं असशील तर ते १० तारखेच्या आत कॅन्सल कर, ११ ला केलं तर पुढच्या महिन्याचे पण पैसे गेले. डिपॉझिट लगेच मिळंल ही आशा सोड, हिशोब लागेस्तोवर मालक लोक काही महिने ठेवून घेतात, म्हणून बँकेचं खातं एवढ्यात बंद करू नको. खोली देताना मालकिणीला सोबत घेऊन भिंती, ओव्हन, बाथरूमचे फोटो काढ अन् कागदावर दोघींच्या सह्या. श्टुटगार्टमधी जिना झाडायची सुद्धा पाळी असते, केरवोखं, ती चुकवून जाऊ नको, त्यावरून बोलणी बसतात.

आता यादी. सगळ्यांना परफ्यूम जमणार नाही, सरळ सांग. चॉकलेट घे पण पाकीट वाचून, काहींच्या आत दारू भरलेली असते, आमची मावशी ते खाऊन दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. अन् ते रंगीत अस्वलाचे गमी आजोबा माळकरी असतील तर आणूच नको, त्यात जिलेटिन असतं अन् तिकडं ते बऱ्याचदा डुकराचं असतं. जाताना आईनं शेंगदाण्याची चटणी अन् येसर दिलेले स्टीलचे डबे रिकामे झाले असतील ना, त्यातच चॉकलेट भर, चेपत नाही. पण डबा गरम पाण्यानं दोनदा धू, नाहीतर सगळ्या चॉकलेटला लसणाचा वास! पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. आणि डिपॉझिटवाल्या प्लास्टिकच्या बाटल्या साठल्या असतील तर दुकानातल्या मशीनमधी टाक, एकीचे २५ सेंट परत मिळतात, शेवटच्या आठवड्याचा ब्रेड सुटतो.

पप्पांचं. गल्लीला काय सांगायचं ते नंतर, आधी पप्पांना आत्ताच फोनवर सांग की ही शिकाऊ तीन महिन्यांची गोष्ट होती, नोकरी नाही, अजून कॉलेज बाकी आहे. रात्री उशिरा नको, तिकडं ९ वाजले की इथं साडेबारा वाजतात अन् झोपमोड झालेल्या बापाला काही पटत नाही. माझ्या अंदाजानं त्यांना हे माहीतच आहे, फक्त कुणीतरी 'किती पगार' विचारलं अन् त्यांच्या तोंडून निघून गेलं. स्टेशनवर कुणी हार घेऊन आलंच तर घाल गळ्यात, काय बिघडतंय.

अन् हो, फ्रँकफर्टहून विमान असेल तर ट्रेन लागते त्यापेक्षा तीन-चार तास आधीची धर, जर्मन गाड्या वेळेवर असतात हे आता जुनं झालं. मुंबईत उतरल्यावर त्याच रात्रीची देवगिरी एक्सप्रेस काढू नको, विमान लेट झालं तर तिकीट वाया. एक रात्र कुणाकडं तरी राहा, दुसऱ्या दिवशी सकाळची तपोवन, संध्याकाळी परभणी. खिडकीची सीट मिळाली तर बघ, जालन्याच्या पुढं कापूस कितपत आलाय ते.