वाचक विचारतात: पेडल दाबलं की गाडी आधी उसासा टाकते

प्रश्न: माझ्याकडे १९६९ ची शेव्हरोले शेव्हेल आहे, ३५० घनइंचांचं इंजिन, ऑटोमॅटिक. मूळचा क्वाड्राजेट कार्बोरेटर आधीच्या मालकाने काढून होली कंपनीचा ६०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा सोडणारा), व्हॅक्यूम सेकंडरीवाला (मागच्या दोन वाटा इंजिनच्या ओढीने उघडणारा) कार्ब बसवलाय. ह्यूस्टनला होतो तोवर गाडी मस्त चालायची. डेन्व्हरला आलो आणि आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) बंद पडायला लागली म्हणून मी आयडल स्पीडचा स्क्रू वाढवला. आता पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे होतात आणि सिग्नलवरून निघताना पेडल दाबलं की क्षणभर मरते आणि मग एकदम उसळते. मिक्श्चरचे (आयडलचं पेट्रोल कमीजास्त करणारे) स्क्रू कितीही फिरवा, ढिम्म फरक नाही. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलू का सरळ नवीन कार्ब घेऊ?

उत्तर: नवीन कार्ब अजिबात घेऊ नका, तोही तिथे असाच वागेल. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, पण त्याआधी एक काम करा, कार्बला हात न लावता इग्निशन तपासा. कार्बच्या नावाने आलेल्या तक्रारींत निम्म्या तरी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) निघतात असं माझं मत आहे. त्यातले पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) अजून जुनेच असतील तर ड्वेल, म्हणजे ते मिटून राहण्याचा कोन, ३० अंशांच्या आसपास हवा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी आधी पाडणाऱ्या डब्याची) नळी बंद ठेवून ३००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) टोटल टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी ठिणगी किती लवकर पडते ते, ३४ ते ३६ अंश यायला पाहिजे. मग तीच नळी तोंडात धरून हवा ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे, नाहीतर डायफ्रॅम फाटलाय. हे सगळं नीट नसताना कार्ब ट्यून करणं म्हणजे वाकड्या भिंतीला रंग देणं.

आता मूळ मुद्दा. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला आणि डेन्व्हर ५२८० फुटांवर, म्हणजे हवा साधारण १५ टक्के विरळ. कार्बला ते कळत नाही, तो पेट्रोल जवळपास पूर्वीइतकंच सोडतो, म्हणून मिश्रण रिच झालं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि इंजिनची ताकदही कमी झाली, म्हणून आयडल पडलं. तुम्ही स्पीड स्क्रू वाढवलात तेव्हा थ्रॉटलच्या पाकळ्या जास्त उघडल्या आणि त्यांच्या कडेला जी बारीक उभी खाच असते, ट्रान्सफर स्लॉट म्हणतात ती, तीही जास्त उघडी पडली. आता आयडलचं पेट्रोल मिक्श्चर स्क्रूला वळसा घालून त्या खाचेतूनच येतंय, मग स्क्रू फिरवून काय होणार? खात्री करायची तर एक मिक्श्चर स्क्रू हलकेच पूर्ण बंद करा (आवळू नका, टोकावर चरा पडतो). इंजिन अडखळायला पाहिजे. नाही अडखळलं तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: ही खाच, वर चढलेला फ्लोट (बाउलमधली, म्हणजे कार्बच्या पेट्रोलच्या वाटीतली, पातळी राखणारा तरंगता भाग) किंवा फाटलेला पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जास्तीचं पेट्रोल सोडणारी झडप).

फ्लोट बघायला सोपा. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, बाउलच्या बाजूचा छोटा प्लग काढला की पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं दिसायला हवं. जास्त असेल तर वरचा स्क्रू सैल करून नट थोडा घड्याळाच्या दिशेने फिरवा. खाली चिंधी धरा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, गरम एक्झॉस्टवर थेंब पडला तर मजा नाही.

मग कार्ब काढून उलटा करा. खाचेचा उघडा भाग छोट्या चौकोनाइतकाच दिसायला हवा, लांबट नाही. तेवढा होईपर्यंत स्पीड स्क्रू मागे घ्या आणि त्यामुळे जी हवा कमी पडेल ती सेकंडरीच्या (मागच्या पाकळ्यांच्या) स्टॉप स्क्रूने द्या, पाव ते अर्धा फेरा पुरतो. हा स्क्रू बऱ्याच होलींत खालूनच सापडतो, म्हणून तर कार्ब काढायचा. मिक्श्चर स्क्रू दोन्ही दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा आणि व्हॅक्यूम गेजवर सगळ्यात जास्त आकडा येईपर्यंत आळीपाळीने थोडेथोडे फिरवा. गाडी गरम, ड्राइव्हमध्ये, हँडब्रेक आणि चाकांना अडसर. एक लक्षात असू द्या, हजार फुटांना साधारण एक इंच (पाऱ्याचा) व्हॅक्यूम जातो, त्यामुळे ह्यूस्टनला १८ दाखवणारं इंजिन इथे १३ दाखवेल, घाबरून गळती शोधत बसू नका. ड्राइव्हमध्ये १२ च्या खाली गेला तर त्याच्या निम्म्या नंबरचा पॉवर व्हॉल्व्ह घाला, ११ असेल तर निम्मे साडेपाच, म्हणजे ५५ नंबर.

जेट यानंतर. दोन हजार फुटांना एक नंबर कमी असा ढोबळ हिशोब आहे. ६०० च्या १८५० नंबरच्या कार्बमध्ये पुढे ६६ चे असतात, म्हणजे ६४, फार तर ६३. मागे या मॉडेलमध्ये जेट नसून प्लेट असते, तिला सोडा.

उसाश्याचं म्हणाल तर तो बहुतेक खाच नीट झाली की जाईलच, कारण पेडल दाबल्यावर मधला जो पेट्रोलचा हप्ता खाचेतून मिळायचा तो तुम्ही आयडललाच खर्च करत होतात. राहिलाच तर इंजिन बंद करून आत बघत थ्रॉटल हलवा, पेट्रोलची धार (ती कार्बमधला छोटा पंप मारतो) त्याच क्षणी यायला हवी, उशीर चालत नाही. पूर्ण थ्रॉटलला पंपाच्या आर्मला अजून ०.०१५ इंच जागा शिल्लक पाहिजे. काळा धूर सोडून अडखळली तर शूटर (ती धार सोडणारं तोंड) बारीक घाला, धूर न सोडता मेली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि हो, कोलोरॅडोत ८५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, ते या इंजिनात नको.

प्रश्न: थंड असताना पटकन चालू होते, पण गरम करून दहा मिनिटं उभी केली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. का?

उत्तर: बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्बखालच्या, इंजिनकडे जाणाऱ्या वाटेत) सांडतंय. १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल लवकर उकळतं, त्यात एक्झॉस्टची गरम वाट मॅनिफोल्डमधून थेट कार्बखालून जाते. अशा वेळी पेडल पंप करू नका, तळाला दाबून धरा आणि स्टार्टर मारा, जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. कायमचा उपाय म्हणजे कार्बखाली फेनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा), अर्धा इंच. आधी बॉनेट बंद होतंय का मोजा. ती गरम वाट गॅस्केटने बंदही करता येते, फक्त हिवाळ्यात गाडी गरम व्हायला वेळ घेईल.

प्रश्न: ३५० ला ७५० चा डबल पंपर (दोन पंपांचा कार्ब) लावला तर?

उत्तर: आवाज छान येईल. हिशोब असा: ३५० गुणिले ५५०० आरपीएम, भागिले ३४५६ (घनइंचांचे घनफूट करायला, आणि इंजिन दर दोन फेऱ्यांनी एकदाच भरतं म्हणून), म्हणजे ५५७ सीएफएम, तेही इंजिन हवेने १०० टक्के भरलं तर. रस्त्यावरचं इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणजे ४७५ च्या आत. जड गाडी, ऑटोमॅटिक, साधा कॅम (झडपा उघडणारा दांडा) असेल तर ६०० व्हॅक्यूम सेकंडरीच ठेवा. मोठा कॅम, मॅन्युअल गिअर आणि ६५०० च्या वर फिरवणार असाल तर मग ७५० चं बोलू.